बशीच्या पाठीवरचं नाव

माणसांवर आणि बशांवर सारखाच जीव लावणारा आमच्या जपानी साहेबांसारखा गृहस्थ मी दुसरा पाहिला नाही. नव्वदीच्या दशकात दुबईच्या ऑफिसात ते मॅनेजर होते आणि मी ड्राफ्ट्समन. पण नोकरी ते फावल्या वेळात करत. खरा उद्योग जुनी चिनी मातीची भांडी जमवण्याचा. कुठेही जेवायला बसले की आधी बशी उलटी करून तळाचा शिक्का बघायचे. रोल्ला भागातल्या एका हॉटेलात तर बशीत डोसा आहे हेच विसरले आणि सांबारात भिजलेल्या पँटनिशी गंभीरपणे म्हणाले, "न्यू. व्हेरी न्यू." त्यांच्या घरी प्रत्येक भांड्याला लाकडी पेटी, आणि झाकणाच्या आत आजवरच्या मालकांची नावं शाईनं लिहिलेली. भांडी कोंडून ठेवणं मात्र त्यांना मंजूर नव्हतं. "वापरलं नाही तर भांडं मरतं," म्हणायचे. एकदा निळ्या नक्षीच्या मोठ्या बशीतून कलिंगडाच्या फोडी आमच्या घरी देऊन गेले. बशीचं वय काही सांगितलं नाही.

रिकामी बशी परत करणं माझ्या बायकोला, कुंदाला, कसं जमणार? त्याच आठवड्यात दुबईतल्याच ऊद मेथा भागात मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. तिनं बशीत अळूवड्या रचल्या आणि गर्दीत अदलाबदल नको म्हणून तळाला लाल नेलपॉलिशनं ठसठशीत 'कुंदा' लिहिलं. मग त्याच बशीत बेसनाचे लाडू घालून आम्ही दोघं साहेबांकडे गेलो.

साहेबांनी लाडू काढले आणि सवयीनं बशी उलटी केली. "फोर हंड्रेड इयर्स," एवढंच पुटपुटले. मला दरदरून घाम फुटला. नोकरी खलास, व्हिसा खलास, मुलीची शाळा खलास!

"पार्टीला नेली होती, अदलाबदल नको म्हणून लिहिलं. रिमूव्हर आणते ना, दोन मिनिटांत निघेल," कुंदा रडकुंडीला येऊन म्हणाली.

साहेबांनी पेटीचं झाकण उघडलं, आतल्या नावांवरून बोट फिरवलं. "नो, नो. यांच्यापैकी कुणीच हिला पार्टीला नेलं नव्हतं."

काही वर्षांनी साहेब जपानला परतले. जाताना ती पेटी कुंदाच्या हातात ठेवली. झाकणात जपानी नावांच्या शेवटी, नेलपॉलिशवरून बघून काढलेल्या वेड्यावाकड्या अक्षरांत 'कुंदा' लिहिलं होतं. इतकी वर्षं आम्ही तिकडे राहिलो. घर भाड्याचं, गाडी कंपनीची. मालकीण म्हणून तिचं नाव लागलं ते एवढ्याच वस्तूवर. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

आता पुण्यात कलिंगड आणलं की ती बशी निघते. धुताना मात्र कुंदा तिच्या पाठीला कुणाला घासणी लावू देत नाही.