बांगड्यांच्या परीक्षेत नापास झालेलं गाव

हसू नका असं म्हणून उपयोग नाही, तुम्ही हसणारच. म्हणून आधी हातातला चहा संपवा. हा किस्सा ऐकताना आमच्या व्याह्यांना एकदा असा ठसका लागला होता, की पाठीत गुद्दे घालावे लागले!

तर त्या वेळी मी खालापूरकडच्या एका दवाखान्यात ब्रदर होतो. ब्रदर म्हणजे पुरुष नर्स. राहायला लोधिवलीत. गावाला नुसतं 'ब्रदर' पुरेना, म्हणून सगळे मला 'ब्रदरभाऊ' म्हणायचे. इंजेक्शन टोचावं तर ब्रदरभाऊनं, जखम बांधावी तर ब्रदरभाऊनं. मीही जरा हवेतच होतो, कशाला खोटं बोलू?

त्यात मला मुंबईला प्रशिक्षणाला पाठवलं. विषय काय? आनुवंशिकता! आईबापांकडून मुलांत काय काय उतरतं, ते दवाखान्यातल्या माणसांनी कसं ओळखायचं आणि घरच्यांना कसं समजावून सांगायचं. शिकवणाऱ्या बाई मोठ्या हुशार. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, अशा रेघा ओढून फळ्यावर तीन पिढ्यांचं घराणं उभं करायच्या. मला तर रांगोळी बघत बसल्यासारखं वाटायचं.

एक दिवस त्यांनी रंगांधळेपणा शिकवला. म्हणाल्या, "हा दोष बहुतेक पुरुषांत दिसतो, बायकांत फार क्वचित. पण येतो आईकडून. आईला स्वतःला रंग नीट दिसतात, तरी तिच्या वडिलांचा दोष तिच्या मुलात उतरू शकतो."

मग त्यांनी रंगीत ठिपक्यांची चित्रं दाखवली. त्या ठिपक्यांत म्हणे आकडा लपलेला असतो. मला नुसते ठिपके दिसले. पण मी बसलेलो शेवटच्या बाकावर, तिथून काय डोंबल दिसणार? शेजारची नर्स "सात" म्हणाली. मी तिच्याहून मोठ्यांदा "सात!" म्हणालो.

निघताना बाईंनी बजावलं, "दुसऱ्याच्या घराण्याची चौकशी करण्याआधी स्वतःच्या घरी करा. जाऊन आईला विचारा. आणि लोकांशी जपून बोला. दोष रक्तात असला, तरी तो कुणाचा गुन्हा नसतो."

मी मान डोलावली. आमच्या घरात सगळे ठणठणीत. आईला विचारायचंय काय?

परत येतो तो शेजारच्या भागीरथीकाकू दारात. त्यांचा बाळाराम एकुलता एक. त्याला कर्जत स्टेशनात पॉइंट्समनची जागा मिळत होती. सांधे बदलायचे, हिरवा-लाल कंदील दाखवायचा. फक्त रेल्वेच्या डॉक्टरांकडे डोळे तपासायचे राहिले होते. आणि या नोकरीवर लग्न अडलेलं! भिवपुरीकडच्या हिराजींची येसू त्याला सांगून आली होती. हिराजींनी स्वच्छ सांगितलं होतं, "रेल्वेत लागला तर हळद, नायतर राम राम."

"ब्रदरभाऊ," काकू म्हणाल्या, "तुमी मुंबैवरनं नवं शिकून आलात. माज्या पोराचे डोळे येकडाव बघा की. तितं फजिती नको व्हायला."

आंधळा मागतो एक डोळा! मी तर कुणीतरी सापडायचीच वाट बघत होतो. ठिपक्यांचं पुस्तक माझ्याकडे नव्हतं. पण डोकं होतं ना! कर्जतच्या बाजारातून काचेच्या बांगड्या आणल्या, निम्म्या हिरव्या, निम्म्या तांबड्या. घरी येऊन पुडे सोडले, बांगड्या चटईवर ओतल्या, आणि स्वतः निवडून हिरव्यांचा एक आणि तांबड्यांचा एक असे दोन झुबके सुतळीनं बांधले. आमची ही लेकीला, लहानग्या शकूला घेऊन नेरळला माहेरी गेलेली. आईला मोतीबिंदू. तेव्हा मदतीला कुणी नाही. आणि मदत हवी कशाला? बांगड्या निवडायला काय पंडित लागतो?

बाळारामाला अंगणात बसवलं. झुबका त्याच्यासमोर धरला.

"बोल, कुठल्या रंगाच्या बांगड्या?"

"काय हिरव्या हायत, काय तांबड्या."

"अरे, नीट बघ."

"नीटच बघतोय. दोन रंग हायत."

दुसरा झुबका धरला. "आणि यात?"

"यात बी दोनच."

 एका झुबक्यात सगळ्या हिरव्यागार, दुसऱ्यात सगळ्या तांबड्या, आणि या पोराला दोन्हींत दोन-दोन रंग दिसतायत!

"बाळाराम, मन घट्ट कर," मी म्हणालो. "तुला रंगांधळेपणा आहे. तू रेल्वेत गेलास तर लालच्या जागी हिरवा कंदील दाखवशील."

त्याचं तोंड एवढंसं झालं. "म्हंजी नोकरी नाय? आन येसू?"

 पण माझं शास्त्र काही गप्प बसेना. काकूंकडे वळून मी म्हणालो, "काकू, हे त्याला तुमच्याकडून आलंय."

बाईंनी सांगितलेलं 'जपून बोला' कुठे गेलं, विचारू नका. काकू मटकन खाली बसल्या. "माज्याकडनं? मीच माज्या पोराचं वाटोळं केलं?" आणि डोळ्यांना पदर लावला.

मी म्हटलं, खात्री केलेली बरी. त्यांच्यासमोरही झुबका धरला. त्या रडत रडत म्हणाल्या, "काय हिरव्या, काय तांबड्या."

आता बघा, बायकांत हा दोष फार क्वचित, असं बाई सांगून गेल्या होत्या. शहाणा माणूस इथे थांबला असता. डोकं खाजवलं असतं. मी काय केलं? मी आनंदानं उडालो! ही तर पुस्तकात नसलेली गोष्ट! हा माझा शोध!

मग काय, झुबके घेऊन निघालो गावभर. विहिरीवरच्या बायका नापास. पोस्टमन नापास. शाळेचे मास्तर नापास. देवळातले गुरव नापास. ज्याला विचारावं तो म्हणे दोन रंग! गावात एक माणूस धड निघेना. पुढं पुढं तर मीच लोकांची समजूत घालायला लागलो, "घाबरू नका, अख्ख्या गावाला आहे."

पण गावाला समजूत नको होती, कारण हवं होतं. हे आलं कुठून? मी चौकशा करून शोधून काढलं, की निम्म्या गावाची एक खापरपणजी घाटावरून आलेली. झालं! घाटावरच्या सुना आणि खालच्या सुना यांची विहिरीवर जुंपली. "ही खोट तुमच्या माहेरची!" "आमच्या माहेरचं नाव काढू नगो, सांगून ठेवते!" एका घरी तर सासू-सुनेनं चुली वेगळ्या मांडल्या. काकूंनी जेवण सोडलं. बाळारामानं रेल्वेच्या डॉक्टरांकडे जायचंच नाही असं ठरवलं.

आणि मी? मी मनात मुंबईतल्या मोठ्या सभेत भाषण करत होतो.

बातमी भिवपुरीला पोचायला वेळ लागतोय होय! हिराजी बायकोला घेऊन माझ्याच अंगणात हजर. सगळं गाव जमलं.

"पोरगा आंधळा हाय म्हनं?" हिराजी.

"आंधळा नाही हो. रंगांधळा."

"आमाला येकच. सोयरीक मोडली!"

काकूंनी हंबरडा फोडला. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. म्हटलं, काहीतरी करून हे लग्न वाचवलं पाहिजे. आणि माझ्या सुपीक डोक्यातून निघालं काय? "हिराजी, तुम्हीही एकदा बघा की या बांगड्या."

त्यांनी बघितल्या. "दोन रंग."

"नापास!" मी ओरडलो. "तुम्हालाही आहे! आता बोला!"

त्यांची बायको फणकारली. "दावा हिकडं! जल्मभर हिरवा चुडा भरला मी. मला नगा शिकवू हिरवं." तिनं झुबका घेतला, डोळ्यांजवळ नेला. "दोनच रंग हायत गं बाय!"

"बघा, दोघंही!" मी म्हणालो. "म्हणजे मुलीतही असणार. तेव्हा मोडायचं काही कारणच नाही. दोन्ही घरं सारखीच!"

हिराजींनी धोतराचा सोगा खोचला. मला मारायलाच उठले होते हो! आणि नेमकी तेव्हाच ही शकूला कडेवर घेऊन फाटकातून आत आली.

गर्दी बघून घाबरली बिचारी. मग रडणाऱ्या काकू दिसल्या, माझ्या हातातले झुबके दिसले. काय झालं ते कुणीतरी सांगितलं. हिनं शकूला खाली ठेवलं, माझ्या हातातून झुबके घेतले, सुतळी सोडली, आणि सगळ्यांसमोर ओट्यावर भराभर दोन ढीग केले.

"काकू, रडू नका," ती म्हणाली. "बाळारामाच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. कुणालाच काही झालेलं नाही. या झुबक्यांत दोन्ही रंग मिसळलेलेच होते."

"मिसळले कुणी?" मी विचारलं. खरंच, मीच विचारलं!

ती माझ्याकडे बघून गालात हसली. "अहो, शकूच्या वेळी डोहाळजेवणाला तुम्ही शिळफाट्यावरून माझ्यासाठी हिरवी साडी आणली होती ना?"

"हो, काय हिरवीगार होती!"

"विटेसारखी तांबडी होती."



"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं आणलेली. बायकांना सांगितलं, मला तांबड्याचेच डोहाळे लागलेत. नेसले आणि मिरवले." मग हळूच म्हणाली, "आणि तुमच्या सदऱ्यांच्या कॉलरला आतून पांढरा दोरा का घालते मी? दोऱ्याचा सदरा या विजारीवर घाला, असं रंगाचं नाव न काढता तुम्हाला सांगता यावं म्हणून."

मला इतकी वर्षं वाटत होतं, ती धोब्याची खूण आहे! सांगा, अशा बाईला काय म्हणावं? माझं व्यंग तिनं मलासुद्धा कळू दिलं नव्हतं. 

एवढ्यात ओटीवरून आई म्हणाली, "अरे, माझे वडील तसेच. पिकलेल्या मिरच्या तोडून आणा म्हटलं, की हिरव्याच घेऊन यायचे. आम्ही म्हणायचो, धांदरट आहेत."

"आई! मला हे कधी सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

घ्या! बाईंनी अगदी हेच सांगून पाठवलं होतं.

पुढे काय होणार? आधी हिराजी हसले, मग त्यांची बायको, मग अख्खं गाव. पोस्टमन तर जमिनीवर बसून हसला. मी काकूंचे पाय धरले. म्हटलं, "काकू, तुमच्या रक्तात काही नाही. जे आहे ते माझ्या." त्या माउलीनं माझ्याच पाठीवरून हात फिरवला. "असू दे रं बाबा. तुला बी काय ठावं होतं?"

बाळाराम रेल्वेच्या तपासणीत झोकात पास झाला. लग्न धडाक्यात लागलं. मानाच्या वेळी हिराजींनी मला मांडवात सगळ्यांसमोर टोपी दिली आणि म्हणाले, "घ्या ब्रदरभाऊ. पांढरी हाय, घाबरू नगा!"

चुली पुन्हा एक झाल्या. भाषणाचं मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

आता तुम्हाला वाटेल, संपलं. संपायला ही आनुवंशिकता आहे, ताप नाही! परवा शकूचा मुलगा सुट्टीला आलेला. शाळेत त्यानं आंब्याचं झाड काढलं होतं, आणि ते बघून सगळे म्हणे त्याला हसले. हिरमुसला होऊन चित्र घेऊन माझ्याकडे आला.

"आजोबा, तुम्ही सांगा, काय चुकलंय यात?"

मी चष्मा लावला. चित्र उजेडात धरलं. चांगलं निरखून बघितलं.

"काही चुकलेलं नाही रे! पानं बघ की कशी हिरवीगार काढलीस!"

पोराचा चेहरा खुलला. आणि स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "अगं शकू, ऐकलंस का? सापडला गं बाई एकदाचा यांच्या परीक्षेत पास होणारा!"