काकांचा ‘रन’

आमच्या शेजारच्या काकांइतका चिवट माणूस अख्ख्या जपानात सापडायचा नाही. मोठ्या भूकंपानंतर टोकियोतल्या आमच्या कोतो भागातल्या इमारतीतली निम्मी भारतीय बिऱ्हाडं बॅगा भरून परतली, काका म्हणाले, “माझा ‘रन’ अजून संपलेला नाही.” धातूंवर संशोधन करून निवृत्त झालेला हा एकटा गृहस्थ ‘रन’ या एकाच इंग्रजी शब्दाचे अर्थ वहीत गोळा करत होता. इंग्रजी, मराठी आणि तिसरा रकाना कुठल्यातरी तिऱ्हाईत भाषेसाठी रिकामा, कारण “दोघांत वाद झाला तर पंच नको?” कचऱ्याच्या दिवशी हातात पिशवी घेऊन ते मला जिन्यात गाठत, “नाक वाहतं ना, तेही रनच बरं का!” म्हणून सुरू होत, आणि कचऱ्याची गाडी निघून जाई. त्यांच्या बाल्कनीत मागच्या आठवड्याचा कचरा कायम असायचाच.

त्या तिसऱ्या रकान्याला माणूस मीच मिळवून दिला, दुसरं कोण! मी कोंबिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानात, पार्टटाइम करायचे, तिथे माझ्याबरोबर बोफा नावाची कंबोडियाची मुलगी होती. तिची जपानी भाषाशाळा संपत आली होती. दीड महिन्याने योकोहामाच्या एका हॉटेलात इंग्रजीतून मुलाखत. नोकरी मिळाली नाही तर व्हिसा संपून घरी परत. म्हटलं, काका शिकवतील. काकांनी पहिल्या दिवशी ‘रन’ शिकवला. दुसऱ्या दिवशीही ‘रन’! माणूस धावतो, त्याला बोफाच्या ख्मेर भाषेत ‘रत्’. घड्याळ इंग्रजीत धावतं, मराठीत चालतं, बोफा म्हणाली, “आमच्याकडेही चालतंच.” काका खुर्चीतून उठलेच. निवडणुकीला इंग्रज धावतो, आपण उभे राहतो. ख्मेर लोकही उभेच! “अगं, पुणं आणि नोम पेन्ह एका बाजूला!” एकदा भूकंपाचा धक्का बसला, आम्ही तिघं टेबलाखाली, वर कपबश्या खडखडतायत, आणि काका विचारतायत, “बोफा-सान, आणि यंत्र?” मी म्हटलं, “काका, मुलाखतीचं काय?” तर म्हणे, “एक शब्द पक्का झाला की बाकीचे आपोआप येतात.” बोफा बिचारी सेन्सेंना, म्हणजे गुरुजींना, काय बोलणार? मान लववून रकाना भरायची.

मुलाखतीत तिला विचारलं, खोली तयार नसेल तर पाहुण्याला काय सांगाल? तिला एक वाक्य जुळवता आलं नाही. नकार आला. मी तणतणतच काकांकडे गेले, पण त्यांचा चेहरा पाहून समोर बसूनच घेतलं. “पंधरा-वीस वाक्यं पुरली असती गं पोरीला,” ते म्हणाले. “मी मूर्ख, माझ्याच हौसेत रमलो.” निरोप घ्यायला आलेल्या बोफाने वही मागून घेतली, उरलेल्या ओळी भरल्या आणि दोन्ही हातांनी परत दिली. काका आमच्यादेखत रडले. मलाही आवरेना.

बोफा पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहे. तिच्यासाठी काका आता रोज फोनवर हॉटेलातला एक शब्द पाठवतात: चावी, टॉवेल, जिना. प्रत्येकाचा अर्थ फक्त एक. दुसरा लिहायला त्यांची बोटं नुसती शिवशिवतात, मला दिसतं ना! पण काका डोळे मिटतात आणि तेवढाच पाठवून देतात.