बिनतोंडाचा सर्व्हर

साखर कारखान्यामागे चिपाडाचा डोंगर साचतो. तो कुणी मुद्दाम रचत नाही. ऊस गाळला की चिपाड उरतंच. आमच्या कॉम्प्युटर विभागातले किस्सेही असेच साचलेत.

लग्न होऊन श्रीगोंद्याकडे आले आणि दोन महिन्यांत कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागले. सहा महिने तात्पुरती. मग विभागप्रमुख शिर्के साहेबांनी फॉर्मवर सही केली की कायम. सहाचे नऊ झाले, फॉर्म त्यांच्या टेबलावरच. साहेब म्हणायचे, "बघू. आधी शिका." घरी सासूबाई म्हणायच्या, "सही व्हत नसंल तर सोड ते. कांद्याला बाया मिळंनात."

शिकायचं म्हणजे लांबून बघायचं. सर्व्हरला हात लावायचा मान फक्त साहेबांचा.

*

या सर्व्हरला स्वतःचा स्क्रीन नव्हता. बिघडला की त्याला कन्सोलची वायर जोडायची, दुसऱ्या टोकाला टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, आणि त्यावर तो काय म्हणतोय ते वाचायचं. ती वायर साहेब रुमालात गुंडाळून कपाटात कुलूपबंद ठेवत.

एक संचालक पाहणीला आले. "याला टीव्ही न्हाई व्हय? बिनतोंडाचं यंत्र घेतलं तुमी?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सर्व्हरवर एक जळका मॉनिटर ठेवला. कशालाही न जोडता. पुढच्या पाहणीला संचालक म्हणाले, "आता कसं! लई फरक पडला कामात."

*

खंडेनवमीला साहेबांनी सर्व्हरची पूजा केली. हळदकुंकू नेमकं कन्सोलच्या सॉकेटमध्ये. नंतर वायर जोडली तर टर्मिनल कोरं.

पुण्याहून इंजिनिअर आला. दात घासायच्या ब्रशनं कुंकू काढत म्हणाला, "साहेब, पुढच्या वर्षी लांबूनच नमस्कार करा."

साहेबांनी अहवालात लिहिलं, 'धुळीमुळे बिघाड.'

*

दिवाळीनंतर टर्मिनलवर नुसती वेडीवाकडी चिन्हं उमटायला लागली. साहेबांनी आम्हाला गंभीरपणे सांगितलं, "ही सर्व्हरची अंतर्गत भाषा. इंजिनिअरलाच कळते."

पुन्हा तोच इंजिनिअर. सर्व्हर एका वेगानं बोलत होता, टर्मिनल दुसऱ्याच वेगानं ऐकत होतं. त्यानं टर्मिनलचा वेग बदलला, मिनिटभराचं काम. साहेब नेमके तेव्हा त्याच्यासाठी भेळ सांगायला बाहेर गेलेले.

मी लांबून बघत होते.

*

मग गाळप सुरू झालं. काट्यावरच्या वजनाच्या पावत्या याच सर्व्हरवरून निघायच्या. एका सकाळी वीज दोनदा गेली-आली आणि सर्व्हर अडकला. उसाच्या बैलगाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत. एम.डी. स्वतः येऊन साहेबांच्या खुर्चीमागे उभे राहिले.

साहेबांनी वायर जोडली. टर्मिनलवर तीच चिन्हं. वीज गेली तसा टर्मिनलचा वेग पुन्हा पहिल्यासारखा झाला होता.

"काय म्हणतोय?" एम.डी.

"सर, ही त्याची अंतर्गत भाषा..."

"मग भाषांतर करा, शिर्के. बैलं उभी आहेत."

साहेब घाम पुसत माझ्याजवळ आले. आवाज अगदी खाली. "मॅडम, त्या पुण्याच्यानं काय केलं हुतं, बघितलं का तुमी?"

"बघितलं."

"मग या की."

मी उठले. वाटेत साहेबांचं टेबल लागलं. फायलींखालून माझा फॉर्म ओढला, टर्मिनलपाशी नेऊन ठेवला आणि विचारलं, "साहेब, पेन देऊ?"