कॉन्सर्टिनाचे शहाण्णव सूर

मी ऑस्ट्रेलियाला निघाले त्या दिवशी मिरजेत आमच्या दुकानासमोर मुंबईला जाणारी गाडी उभी होती आणि माझी बॅग शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर. बॅग साडेसहा किलो जास्त भरली. मग भर रस्त्यात ती उघडली गेली. काय काढायचं यावर आई, अप्पा, सुहासदादा आणि माझा नवरा मंदार यांची मतं सुरू झाली. किराणावाल्यानेही एक दिलं. शेवटी आईने निकाल लावला: कुकर राहू दे, गोडा मसाला राहू दे, पेटी काढा. अप्पांचा धंदाच पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करण्याचा. ही छोटी, हलकी पेटी त्यांनी मी न्यावी म्हणूनच बांधली होती. "असू दे," ते म्हणाले, "तिकडची हवा कोरडी. सूर बिघडले असते." पेटी उचलून ते दुकानात गेले आणि गाडी सुटेपर्यंत बाहेर आले नाहीत. मला कुणी काही विचारलंच नव्हतं. त्याचा राग पुण्यापर्यंत टिकला.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. आता हे लिहितेय ते दादासाठी, कारण तो दर रविवारी "त्या डबड्याचं काय झालं" विचारतो आणि उत्तर पूर्ण ऐकत नाही. आणि इथल्या माझ्या मैत्रिणींसाठीही. त्यांच्या मते मला मिडलाइफ क्रायसिस झालाय.

चार वर्षांपूर्वी ऑफिसच्या एका फेअरवेलसाठी आम्ही सिडनीतल्या पॅरामॅटाच्या एका पबमध्ये गेलो होतो. तिथे कोपऱ्यात आठ-दहा जण गोल करून आयरिश संगीत वाजवत बसले होते. नोटेशन नाही, माइक नाही, एक धून संपली की न थांबता दुसरी. एका बाईच्या हातात सहा कोनांचा लहानसा डबा होता. दोन्ही बाजूंना बटणं, मधे चामड्याचा भाता. भाता दिसल्यावर मी फेअरवेल कुणाचा आहे हेही विसरले. त्या वाद्याला कॉन्सर्टिना म्हणतात हे त्या संध्याकाळी कळलं आणि महिन्याभरात स्वस्तातला एक डबा केलीव्हिलच्या आमच्या घरी आला.

इथे माझी चूक झाली, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. कॉन्सर्टिना मुख्यतः दोन जातींची असते. अँग्लोमध्ये एकच बटण भाता दाबताना एक स्वर देतं आणि ओढताना दुसरा. इंग्लिशमध्ये दोन्हीकडे तोच. पेटीवर वाढलेल्या माणसाला एका बटणाचा एकच स्वर हेच शहाणपणाचं वाटणार. मी इंग्लिश घेतली. आयरिश संगीत बहुतेक सगळे अँग्लोवर वाजवतात, कारण त्या सारख्या दाब-ओढीतून आपोआप ठेका निघतो, हे मला दुकानात कुणीही सांगितलं नाही. नंतर मात्र सगळ्यांनी सांगितलं. दर रविवारी दुपारी त्या वर्तुळात मी जाते. तिथला म्होरक्या डेक्लन, सत्तरीतला रिटायर्ड प्लंबर, चाळीस वर्षांपूर्वी आयर्लंडहून आलेला. तो दर वेळी फार प्रेमाने म्हणतो, "लव्हली. पण तुला खरं तर अँग्लो हवी." चार वर्षं. मी एखादी रील, म्हणजे त्यांची वेगवान नाचाची धून, न अडखळता वाजवली तरी हेच, अडखळले तरी हेच.

माझा स्वस्त डबा आता पुरत नव्हता हे मात्र खरं. बटणं जड, भाता हावरट, वेगात गेलं की निम्मे स्वर गिळायचा. चांगली घ्यायची ठरल्यावर घरात मतांना पूर आला. मंदारने एक्सेल शीट केली आणि तिच्यात 'रीसेल' नावाचा कॉलम टाकला. सानिका, आमची चौदा वर्षांची मुलगी, फोनमधून मान वर न करता म्हणाली, "मम, लिटरली नोबडी कॅन टेल द डिफरन्स." दादा म्हणाला, त्यापेक्षा पेटी घे, इथून पाठवतो. हे वाक्य सतरा वर्षांपूर्वी त्याला सुचलं नव्हतं. नवीन चांगली बनवून घ्यायची तर दोन वर्षं थांबा. लगेच मिळते तिच्यात अकॉर्डियनच्या आवाजाच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. ती सुरेल वाजते, पण तिचा आवाज मला गुळगुळीत वाटला. उरली जुनी, शंभर वर्षांमागे लंडनमध्ये बनलेली. तशी एक ब्लू माउंटन्समध्ये ग्रॅहम नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे विकायला होती. ती त्यांच्या मावशीची.

एका शनिवारी मी एकटीच गेले. ग्रॅहमनी किचनच्या टेबलावर चहा ठेवला, कॉन्सर्टिना ठेवली आणि म्हणाले, टेक युअर टाइम. मी अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. कशाला लावला, असं पुढच्या पाच मिनिटांत वाटलं.

"कॅमेरा जवळ धर. जवळ म्हणजे वाद्याच्या जवळ. मला तुझा अंगठा दिसतोय. अंगठा विकत घ्यायचाय का?"

मी फोन साखरेच्या डब्याला टेकवला.

"आता बटणाला हात लावू नको. एक बाजू वर धर, दुसरी सोडून दे. लटकू दे."

सोडली. खालची बाजू आपल्या वजनाने भाता ओढत इतकी सावकाश उतरली, की ग्रॅहमही चहा विसरून बघत राहिले. अप्पांनी आयुष्यात कॉन्सर्टिना पाहिली नव्हती.

"बघितलंस? कुठे गळत नाही. आता एकेक स्वर वाजव. हळू."

मी सगळी बटणं वाजवली. मधूनच अप्पांच्या मागून दुधाच्या हिशेबावरून आईचा आवाज येत होता. शेवटी अप्पा म्हणाले, "सुरात आहे. पण सगळी चढी आहे. पाव स्वर वर."

मी ग्रॅहमना विचारलं. ते जरा लालसर झाले. त्या काळी वाद्यं चढ्या पट्टीतच लावायचे, म्हणाले, मावशी एकटीच वाजवायची, तिचं काही अडलं नाही. मी एकटी वाजवत नव्हते. वर्तुळात हे वाद्य घेऊन बसले असते तर डेक्लनला अँग्लोपेक्षा मोठा विषय मिळाला असता. विचार करून सांगते म्हणून मी बाहेर आले आणि गाडीत बसून अप्पांना पुन्हा फोन केला.

"घे," ते म्हणाले. "सूर खाली आणता येतात. असा भाता परत मिळायचा नाही."

"आणणार कोण? इथल्या कारागिराकडे चौदा महिन्यांचं वेटिंग आहे."

"तू."

पेटीच्या आत ज्या बारीक पट्ट्या थरथरतात, त्यांना आमच्याकडे सूरच म्हणतात. त्या खरवडून स्वर चढवायचा-उतरवायचा ही अप्पांची विद्या. लहानपणी मी दुकानात तासन्‌तास बसायचे, पण कानस हातात घेतली की "राहू दे, हात खराब होतील" म्हणून ते काढून घ्यायचे.

"तुम्ही मला कधी शिकवलंत? दादाला शिकवलंत."

"त्याला शिकवून काय झालं? तो इन्शुरन्स विकतो."

मी फोन ठेवला. दोन दिवस केला नाही. तिसऱ्या दिवशी ग्रॅहमना होय कळवलं. कुणावर चिडून घेतलं ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

अठ्ठेचाळीस बटणं, प्रत्येकाला दोन सूर, एक दाबायचा आणि एक ओढायचा. एकूण शहाण्णव. अप्पांनी आधी मला माझ्या स्वस्त डब्यावर सराव करायला लावला. पहिल्या शनिवारी मी त्याचे तीन सूर मोडले. आता मागे जायला वाट नव्हती, कारण जुनं वाद्य चढं होतं आणि आधीचं बोबडं झालं होतं. कितीतरी रविवार मी पबमध्ये गेलेच नाही. इथली शनिवारची दुपार म्हणजे तिथली सकाळ, त्यामुळे अप्पा आंघोळ करून, चष्मा पुसून तयार असायचे. आमच्या डायनिंग टेबलावर कुणाला जेवायला जागा नव्हती.

"टोकाकडे नको, मुळाकडे घास. टोकाला घासलंस की स्वर चढतो. किती वेळा सांगू?"

"सुराखाली पातळ पत्रा सरकवलास का? मग वाकला म्हणून रडू नको."

मंदारने फोनवर ट्यूनरचं ॲप टाकून दिलं होतं. ॲप म्हणायचं बरोबर, अप्पा म्हणायचे नाही. मी ॲपच्या बाजूने भांडायचे. "डब्यात बसवून ऐक," अप्पा वैतागायचे, "बाहेर टेबलावर तो वेगळं बोलतो." बसवून पाहिलं की हलकासा फरक निघायचाच. पुन्हा उघडायचं, सहा स्क्रू, पुन्हा घासायचं, पुन्हा सहा स्क्रू. एकदा मी स्क्रूड्रायव्हर आपटला. सानिका म्हणाली, "यू साउंड एक्झॅक्टली लाइक आजोबा," आणि दार लावून घेतलं.

सत्तरेक सूर झाले असतील तेव्हाची गोष्ट. एक बारीक, नखाएवढा सूर मी एका बैठकीत जागेवर आणला. दोनदा घासून, एकदा ऐकून.  

"तुझा हात चांगला आहे," अप्पा म्हणाले. "मला तेव्हाच कळलं होतं."

आनंद व्हायला हवा होता. मला प्रचंड राग आला.

"मग तेव्हा का नाही शिकवलंत?"

"तू जाणार होतीस."

"माझ्या ऑस्ट्रेलियाचं तेव्हा कुणाला माहीत होतं?"

"ऑस्ट्रेलिया नाही गं. सासरी." ते चष्मा काढून पुसू लागले. "जाणाऱ्या माणसाला दुकान कशाला शिकवायचं, असं वाटायचं. चुकलंच ते."

आई मागून म्हणाली, "पोहे गार होतायत." अप्पा उठले नाहीत. मीही पुढचा सूर काढला. त्यावर आम्ही अजून बोललेलो नाही, आणि बोलणार असं मला वाटत नाही. पण त्या दिवसापासून ते 'घास' म्हणायच्या आधी "तुला काय वाटतं?" विचारू लागले. मला काय वाटतं ते सांगितलं की "चूक" म्हणतात, ते वेगळं.

ठेक्याचा प्रश्न उरलाच होता. अँग्लोचा उसळता ठेका माझ्या वाद्यातून आपोआप निघत नाही. मी अप्पांना डेक्लनची एक रील ऐकवली. त्यांनी दोनदा ऐकली आणि म्हणाले, "बटण स्वर बदलून देत नसेल तर जोर भात्याने द्यायचा. जिथे पाय आपटावासा वाटतो तिथे भाता उलटव, दाबत असशील तर ओढ." एवढं साधं. तीन आठवडे लागले.

गेल्या रविवारी मी ती घेऊन पबमध्ये गेले. डेक्लनने माझ्याकडे, मग वाद्याकडे पाहिलं आणि एक रील सुरू केली. दुसऱ्या फेरीला मी शिरले. वाद्य सगळ्यांच्या सुरात बसलं. भाता जिथे उलटायचा तिथे उलटला. एका ठिकाणी मी चुकले, पण ती चूक माझी होती, डब्याची नव्हती. चार वर्षांत हे पहिल्यांदाच. धून संपल्यावर डेक्लन पुढे वाकून म्हणाला, "लव्हली टोन. अँग्लोवर आणखी..." मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने वाक्य सोडून दिलं. त्यालाही हे पहिल्यांदाच जमलं असावं.

"ही जुन्या पट्टीतली असणार," तो म्हणाला. "खाली कुठे आणून घेतलीस? चौदा महिने थांबलीस की काय?"

"नाही," मी म्हणाले. "ॲट होम."

त्याला वाटलं केलीव्हिल; त्यात मिरजेचं दुकानही होतं हे त्याला कुठून कळणार. सतरा वर्षं होम म्हटलं की मी मनात आधी कुठलं ते ठरवायचे, ऐकणाऱ्याला वेगळं सांगायचे आणि घरी जाऊन स्वतःवर चिडायचे. त्या क्षणी ठरवायची वेळच आली नाही. कुणीतरी पुढची धून, एक जिग, सुरू केली होती, माझ्या उजव्या हाताचा एक सूर अजून किंचित चढा लागत होता, आणि शनिवारी अप्पांना तो ऐकवल्यावर ते काय म्हणतील आणि मी त्यावर काय भांडेन, याचा विचार करत मी वाजवायला लागले.