अर्धी माळ

लोक अजून म्हणतात, "काका, ते ग्रहणातल्या लेकराचं सांगा ना." मी सांगतो. मी जपाला बसलो होतो आणि समर्थांच्या कृपेनं दारात माणूस आलं, असं सांगतो. बाया डोळे पुसतात. गोष्ट खोटी नाही, पण ती अर्धीच आहे. आता दात गेले, यजमानही थोडेच उरले. भ्यायचं तरी कुणाला? म्हणून उरलेली अर्धी लिहून ठेवतो.

वडीगोद्रीपासून दोन कोसांवर आमचं गाव. निजामाची अमदानी होती. घरात पिढीजात जोशीपण. रामनवमीला पायी समर्थांच्या जन्मगावी, जांबेला जायचं, रोज 'श्रीराम जय राम जय जय राम' या त्रयोदशाक्षरीच्या माळा ओढायच्या, हा माझा नेम. पण डोक्यात गणिताचा किडा होता. पंचांगातलं ग्रहण थोडं जरी पुढेमागे निघालं तरी मला अन्न गोड लागायचं नाही. जालन्याच्या मिशनातल्या म्हाताऱ्या पाद्रीसाहेबाला संस्कृत शिकायचं होतं. मी महिन्यातून दोनदा शिकवायला जाऊ लागलो. त्याच्याकडे पितळी दुर्बीण होती. एका संध्याकाळी तिच्यातून गुरूच्या शेजारी चार ठिपके पाहिले, दुसऱ्या संध्याकाळी बघतो तर त्यांनी जागा बदललेल्या. अरे देवा! माझ्या बापजाद्यांनी ज्याची शांत केली त्या गुरूला चार चंद्र, आणि आम्हाला पत्ताच नाही!

पाद्रीसाहेबानं मग सांगितलं, की तीनशे वर्षांमागे इटलीत एका गणित्यानं स्वतः भिंगं घासून दुर्बीण केली आणि हेच ठिपके पाहिले. चंद्रावर डोंगर आहेत, खड्डे आहेत, हे त्यानं हातानं रेखाटून दाखवलं. पुढे तो पृथ्वी फिरते असं म्हणायला लागला. तेव्हा रोमच्या धर्मपीठानं त्याला म्हातारपणी गुडघ्यावर बसवलं आणि "मी चुकलो" असं वदवून घेतलं. साहेबानं एक छापील चित्रही दाखवलं. त्या गणित्याच्या चित्रकार मित्रानं रोमच्या एका देवळात, घुमटाच्या आतून, मेरीमाता रंगवली होती. तिच्या पायाखाली चंद्र, आणि तो गुळगुळीत नाही, दुर्बिणीतून दिसतो तसा खड्ड्याखड्ड्यांचा. "म्हाताऱ्याला वाकवलं, पण हा चंद्र कुणी पुसला न्हाई," असं साहेब आमच्याच बोलीत म्हणाला. मग मान खाली घालून म्हणाला, की रोमपासून फुटलेल्या आमच्या पंथाचे हातही काही धुतलेले नाहीत, वेगळं मत मांडलं म्हणून आम्ही एका विद्वान वैद्याला जिवंत जाळलंय.

मी तेव्हा चाळिशीच्या आत होतो, जीभ तिखट होती. फटकन बोललो, "म्हातारा भेकड निघाला, साहेब! सत्तरी गाठलेला माणूस, आणखी किती जगायचं होतं त्याला?" साहेब एवढंच म्हणाला, "जोशीबुवा, गुडघे त्याचे होते." मला ते उत्तर मिळमिळीत वाटलं.

माझी पाळी यायला फार दिवस लागले नाहीत. गावात कुजबूज उठली की जोशी बाटला. पाटलानं मारुतीच्या पारावर बोलावून घेतलं. "काका, पाद्र्याची पायरी पुन्हा चढणार न्हाई म्हणा, न्हाई तर पूजेला दुसरा माणूस बघू." मी हातावर पाणी घेतलं आणि तसं म्हटलं. ग्रहण म्हणजे नुसती सावली, हे मी दोघाचौघांना सांगून बसलो होतो. तेही तिथंच परत घेतलं. घरी येऊन पोटभर जेवलो. तेव्हा इटलीतला म्हातारा मला आठवलासुद्धा नाही.

त्याच साली सूर्यग्रहण आलं. माझी एकुलती लेक गोदा बाळंतपणाला आली होती. ग्रहणाचा स्पर्श झाला आणि तिला कळा सुरू झाल्या. तिला आतल्या अंधाऱ्या खोलीत घातलं, जवळ साळू सुईण. बाहेर अंगणात गाव जमलेलं. आमच्याकडे रीत अशी, की परातीत हळदीचं पाणी घालून त्यात सूर्य बघायचा, जोश्यानं परातीशी मौन धरून जप करायचा, आणि त्यानं "सुटलं" म्हटल्याशिवाय कुणी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, विळीला हात लावायचा नाही.

अंगणाच्या कडेला, जोड्यांपाशी, एक परकी बाई पेटी घेऊन बसली होती. मिशनची नर्स, मार्थाबाई. कुठल्याशा खेड्यातून जालन्याला परत निघाली होती. ग्रहणात बैल जुंपणार नाही म्हणून गाडीवानानं आमच्याच वेशीत गाडी सोडली. देवानं ग्रहण लावलं आणि त्याच ग्रहणानं तिला माझ्या दारात थांबवलं. कृपा म्हणतात ती याहून काय वेगळी असते?

मी माळ नुकतीच मेरुमण्यापासून सुरू केली होती. साळू दारात आली, हात रक्तानं भरलेले. "काका, डोकं आलं! नाळेचे दोन फास हायेत गळ्याला, निघंना. विळा लावू का? ग्रहण कवा सुटतंय?" ती विळा लावणार नव्हती, मी "लाव" म्हटल्याशिवाय नाही. तेवढ्यात नर्सबाई उठली. "काका, माझ्याजवळ कात्री हाय. मी कापते. आत जाऊ का?" सगळं अंगण माझ्याकडे बघून राह्यलं होतं. पाटलाचे डोळे माझ्या तोंडावर. मी डावा हात वर केला: थांबा. आणि मणी ओढत राहिलो.

मला ऐकू आलं नव्हतं, मी समाधीत होतो, असं मी पुढे सांगत आलो. साफ खोटं! मला तिचा शब्दन् शब्द ऐकू आला. ग्रहण सावली आहे हे त्या अंगणात फक्त मला ठाऊक होतं. मी रामाचं नाव घेत होतो आणि पाटलाकडे बघत होतो. बाई पुन्हा म्हणाली, "काका, लेकरू गुदमरून राह्यलंय." मी हात खाली घेतला नाही. इटलीतला म्हातारा भीतीनं बोलला; मी भीतीनं गप्प बसलो, आणि वर त्याला मौन म्हणालो.

आतून माझी बायको आली. उभ्या जन्मात चारचौघांत माझ्यापुढे बोलली नव्हती. म्हणाली, "तुमचं ग्रहण तुम्ही सांभाळा. माझी लेक मरून राह्यलीय." तिनं नर्सबाईचं मनगट धरलं आणि ओढतच आत नेलं. मी खाली पाहिलं. बोट चौपन्नाव्या मण्यावर होतं, माळ बरोबर अर्धी. थोड्या वेळानं लेकरू रडलं, बारीक, मांजराच्या पिलासारखं. गोदा वाचली. ग्रहणाचा मोक्ष झाल्यावर मी खणखणीत आवाजात "सुटलं" म्हणालो. लोक माझ्या पाया पडले. नर्सबाई गाडीत बसली आणि मी, मेल्यानं, तिच्या पाठोपाठ घरभर गोमूत्र शिंपडलं. तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

नात वाढली. उजवा हात लुळा राहिला आणि कानानं ठार बहिरी निघाली. ती चार वर्षांची असताना मी तिला घेऊन जालन्याला गेलो; पाद्रीसाहेब तोवर वारला होता. मार्थाबाईच्या पाया पडलो आणि विचारलं, "बाई, तुम्हाला लगेच आत सोडलं असतं तर?" ती बराच वेळ पोरीचा लुळा हात चोळत बसली. "काका, मी तर दारातच होते," म्हणाली. मग आम्हा दोघांना चहा दिला. मी तो प्यालो.

देवानं मला टाकलं नाही. त्यानं लेक दिली, नात दिली, तिचा जीव दिला. मी आडवा हात धरला होता तरी दिला. त्याचे उपकार फेडायला हा जन्म पुरायचा नाही. मी देवाला शरण आहे असं मला वाटत होतं, आणि होतो मी पाटलाला शरण. देव माझ्या जोड्यांपाशी बसून आत येऊ का विचारत होता.

बायको पुढे माझ्याशी नीट वागली, वेळेवर जेवायला वाढलं. पण पूर्वी रोज पहाटे जपाची माळ तीच हातात द्यायची, ती पुन्हा कधी दिली नाही. आता माझी मीच घेतो. नात शेजारी येऊन बसते. चौपन्नाव्या मण्याला मी थांबतो आणि दाराकडे बघून मोठ्यानं म्हणतो, "जा बाई, आत जा." घरात सगळ्यांना ऐकू जातं. नात माझे ओठ हलताना बघते आणि हसते.