गुरुजींच्या तळहातावरचा मंगळवार

मला मदत केली ती नांदेडहून आमच्या केंद्रात शिकायला आलेल्या एका मुलीने. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवते. पुढे जे लिहिणार आहे त्यात मी तिच्याशी धड वागलेली फारशी कुठे सापडणार नाही, आणि कुणी अर्ध्यातच वाचन सोडलं तर तिचं नाव निघायचंच राहून जाईल. नाव लिहीत नाही ते वेगळं. तिला विचारलेलं नाही.

मी मूळची मिरज तालुक्यातली. नवरा हळद पॉलिश करायच्या मशिनवर कामाला. मालकाने इकडे धंदा वाढवला तसे आम्ही औंढा नागनाथला आलो. माहेर गाठायचं तर अख्खा दिवस जातो, म्हणून जाणं होत नाही. शाळा नववीत सुटली. नापास झाले, आणि आमच्या वडिलांनी दुसऱ्याच दिवशी शाळेत जाऊन नाव काढलं. इथं देवळाच्या रस्त्यावर, नारळाच्या दुकानांच्या वर, एका संस्थेने मनाच्या आजारांसाठी दोन खोल्यांचं केंद्र काढलेलं आहे. तिथं मला काम लागलं. झाडलोट करायची, पाणी भरायचं, आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्यांची वहीत नोंद करायची: नाव, गाव, वय, सोबत कोण. अक्षर माझं चांगलं आहे. शाळेतून मी बरोबर आणलेली ती एवढीच गोष्ट.

आत मॅडम बसतात. त्या नेमक्या कोण, हे बाकावरच्यांना रोज नव्याने सांगावं लागे.

"म्याडम डॉक्टर हायेत का वो?"

"डॉक्टर हिंगोलीहून येतात, महिन्यातून दोनदा. ते गोळ्या देतात. मॅडम मानसशास्त्राच्या. त्या तपासण्या करतात, बोलतात."

"गोळी न देता नुसतं बोलायचा पगार? मंग मही सासू ठेवा की कामाला. तोंड बंदच न्हाई तिचं."

सगळा बाक हसायचा, मीही हसायचे. त्या बाकावर माझं राज्य होतं. आत जायच्या आधी माणसं घाबरलेली असत, आणि घाबरलेलं माणूस जवळच्याला विचारतं. आत काय विचारतात, शॉक देतात का, गावात कळतं का. मी सांगायचे, आणि मोकळा श्वास टाकून ती आत जायची. पडद्याआडून सगळं ऐकू येई, त्यामुळे मॅडमचे प्रश्न मला पाठ होते. मला वाटायचं, अर्धं काम मी बाहेरच करते.

मग जानेवारीत ती आली. मानसशास्त्राचं एम.ए. चालू, तीन महिने काम शिकायचं, शेवटी मॅडमच्या सहीचं प्रमाणपत्र घेऊन जायचं. वय तेवीस. त्या वयात माझ्या कडेवर एक आणि बोटाला एक पोर होतं.

काय काय सलायचं ते सांगते. तिच्या पिशवीतले तीन रंगांचे पेन सलायचे. 'हं' म्हणून ती गप्प बसायची आणि समोरचं माणूस आपोआप बोलायला लागायचं, ते सलायचं. कनेरगाव नाक्यावरच्या धाब्यात भाकऱ्या थापणारी एक बाई यायची. तिचे हात धुऊन धुऊन सोललेले होते. तीन खेपा मी तिला चहा पाजला, पण तिने मला काही सांगितलं नाही. या मुलीला वीस मिनिटांत सगळं सांगून डोळे पुसत बाहेर आली. आणि रोज दुपारी एकला त्या मुलीच्या वडिलांचा फोन यायचा. "जेवलीस का?" एवढंच विचारायला. तो फोन वाजला की मी मुद्दाम बादली उचलून जिन्यात जायचे.

एका दुपारी सिद्धेश्वर धरणाकडचा एक माणूस बारावी झालेल्या लेकीला घेऊन वर आला. आजारी कुणी नव्हतं. त्याला विचारायचं होतं. "पोरगी म्हणून राहिली, मानसशास्त्र घ्यायचं. त्यात होते काय, मास्तरकी?"

मॅडम आत होत्या, म्हणून ती डबा तसाच उघडा ठेवून बाकावर त्यांच्याशेजारी बसली. म्हणाली, मास्तरकी आहेच, पण एवढंच नाही काका. आजारी मनाची तपासणी आणि उपचार ही एक शाखा, तिला एम.ए.नंतर आणखी शिकावं लागतं आणि सरकारी नोंदणीही लागते. समुपदेशन दुसरी: शाळेत, कॉलेजात, नवराबायकोच्या भांडणात. लहान लेकरांची वाढ बघणारे वेगळे. कारखान्यात माणसं निवडायची, त्यांना काम का नको होतं ते शोधायचं, ते वेगळे. कोर्ट आणि तुरुंगात काम करणारे असतात, खेळाडूंसोबत राहणारे असतात. मेंदू आणि आठवण यांचा अभ्यास करणारे असतात. "मला त्यातच जायचंय," ती म्हणाली. "म्हाताऱ्या माणसांची आठवण."

मी वहीवर मान घालून एकेक शाखा बोटावर धरत होते. एका हाताची बोटं संपली, दुसरा हात सुरू झाला. मला आयुष्यात कुणी दोन वाटासुद्धा समोर ठेवल्या नव्हत्या.

"आन मह्यासारख्या सातवी पासाले काय हाय यात?" माणसाने चेष्टेत विचारलं.

"तुमच्यासाठी हा बाक आहे की, काका," ती हसत म्हणाली.

तो हसला, लेक हसली. वाईट काही नव्हतं त्यात. पण त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला नववी नापास मी बसले होते, आणि तिला ते माहीतही नव्हतं. उलट ते माहीत नसणंच मला जास्त लागलं.

त्यानंतरच्या मंगळवारी गुरुजी आले. सत्तरीचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा सदरा घातलेला. सोबत बायको. चार महिन्यांपासून विसरतात, चुलीवर दूध ठेवून निघून जातात, असं त्या सांगत होत्या. मॅडमनी तपासणी त्या मुलीकडे दिली होती. तिची एकटीची ती पहिलीच.

"ह्यान्ला येडं म्हणून लिहितेत का वो, बाई?" त्यांनी हळूच विचारलं.

गुरुजींनी ते ऐकलं. "प्रश्न काय असतात?" त्यांनी विचारलं.

"सोपे आहेत गुरुजी. वार, महिना. तीन शब्द सांगतात, थोड्या वेळाने परत विचारतात. मग शंभरातून सात सात वजा करायचे."

"वजाबाकी येते मला, ती राहू दे." मग त्यांचा आवाज उतरला. "आज वार कोणता?"

"मंगळवार."

पाणी आणून दिलं तर ग्लास हातात धरून परत, "वार कोणता म्हणालीस?"

तिथंच मला कळायला हवं होतं. पण मला आठवली नववीची परीक्षा, वर्गाच्या दारात उभी राहून घाम पुसणारी मी. गुरुजी म्हणाले, "एवढ्या वयात नापास नको व्हायला, बाई." मी वहीतला पेन काढला, त्यांचा डावा तळहात उघडला आणि बारीक अक्षरात लिहिलं: मंगळवार. जानेवारी. आंबा, घड्याळ, चप्पल. रोज तेच तीन शब्द असतात.

"जिंदगीभर पोरान्च्या कॉप्या धरल्या ह्यांनी," बायको पदराआड हसल्या.

मला गुरुजींची दया आली, हे खरं आहे. पण दयेखाली दुसरंही काही होतं. आत ती मुलगी तीन रंगांच्या पेनांनी लिहिणार ती उत्तरं माझी असणार होती. तिचं एम.ए. आणि माझी नववी यांच्यामध्ये गुरुजींचा हात होता, आणि त्या क्षणी मी जिंकत होते.

तळहात वाचता यावा म्हणून गुरुजी आत कपाळाला हात लावून विचार केल्यासारखं करत बसले असावेत. ती आनंदाने बाहेर आली. "छान, गुरुजी! वयाच्या मानाने आठवण चांगली आहे. तीन महिन्यांनी या." मॅडमनी तिच्या शब्दावर सही केली. डॉक्टरांकडे पाठवायचं राहिलं.

त्याच रविवारी गुरुजी नागनाथाच्या दर्शनाला म्हणून निघाले आणि कुठल्या तरी जीपमध्ये बसले. संध्याकाळी कनेरगाव नाक्यावर, धाब्याच्या पुढं, अनवाणी सापडले. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, शाळेची घंटा झाली का. खिशातल्या डायरीत मुलाचा नंबर होता म्हणून कळलं.

सोमवारी बायकोचा फोन आला तेव्हा मॅडमनी त्या मुलीला माझ्यासमोर विचारलं, "तू नीट तपासलंस का? हे असं असेल तर तुझ्या प्रमाणपत्रावर सही कशी करू मी?"

ती बाटलीचं झाकण लावत राहिली, ते लागेना.

खोटं कशाला लिहू? मला बरं वाटलं. त्या सकाळचा चहा मला गोड लागला. एकच्या फोनवर ती "हो, जेवले" म्हणाली, डबा तर उघडलाही नव्हता, आणि तेही मला आवडलं. मग दुपारी फरशी पुसताना एकदम डोळ्यांपुढे नाक्यावरचा रस्ता आला, तिथून जाणारे ट्रक आणि त्यांच्या कडेला अनवाणी गुरुजी. फडकं हातातच राहिलं. घरी जाऊन नवऱ्यालाही सांगितलं नाही. काम जाईल ही भीती होतीच. पण आपण कोण आहोत ते सगळ्यांना कळेल, ही भीती त्याहून मोठी होती.

शुक्रवारी बायको गुरुजींना परत घेऊन आल्या. मॅडम हिंगोलीला बैठकीला गेलेल्या. आत तीच मुलगी विचारत होती, मी पडद्याशी उभी.

"आज वार कोणता, गुरुजी?"

"मंगळवार," ठणठणीत आवाजात.

"महिना?"

"जानेवारी." आणि तिने तीन शब्द सांगायच्या आधीच, "आंबा, घड्याळ, चप्पल."

मग बायकोचा आवाज आला, भाबडा, "बराबर हाय न्हवं? मागच्या खेपेला भायेरच्या बाईनं हातावर लिहून देलतं. घरी जाऊन म्या कॅलेंडरच्या मागं उतरून ठेवलं. आज तसंच्या तसं लिहून आणलं."

ती बाहेर आली. मला वाटलं ओरडेल. ती बाकावर बसली, माझ्याच बाजूला.

"ताई, मॅडम सोमवारी येतील. तुम्ही सांगाल का मी सांगू? दुपारपर्यंत थांबते मी."

"माझं काम जाईल."

"जाईल कदाचित. पण गुरुजींचं काय गेलं असतं?"

मी रडायला लागले. रडता रडता काय वाटेल ते बोलले. नववी, वडिलांनी काढलेलं नाव, तिचे पेन, तिच्या वडिलांचा फोन, 'तुमच्यासाठी हा बाक आहे.' ती 'हं' म्हणाली आणि गप्प बसली, आणि मी आणखी बोलले. तिची ती युक्ती माझ्यावरही चालली.

शेवटी म्हणाली, "ही पास व्हायची परीक्षा नाही हो, ताई. यात माणूस चुकलं तरच आपल्याला कळतं, त्याला कुठं धरायचं ते."

सोमवारी मी मॅडमना सांगितलं. त्या मग म्हणाल्या, या बाकावर यापुढे एकही प्रश्न तुझ्या तोंडून निघता कामा नये. काम मात्र राहिलं, कारण त्या मुलीने मध्येच म्हटलं, "माझीही चूक आहे, मॅडम. मी गुरुजींचे हात बघितले नाहीत." तेच वाक्य तिने आपल्या अहवालात लिहिलं. विद्यापीठात जाणाऱ्या कागदावर, स्वतःच्या नावाखाली. माझा उल्लेख नाही. मॅडमनी प्रमाणपत्रावर सही केली.

गुरुजींना डॉक्टरांची गोळी सुरू झाली. सदऱ्याच्या आतून नाव आणि नंबर शिवलेला आहे. दर खेपेला बाहेर आले की मला विचारतात, "पास झालो ना?" मला उत्तर द्यायची मनाई आहे. मी म्हणते, "चहा घ्या, गुरुजी."

जायच्या आठवड्यात ती सतरा नंबरचा फॉर्म घेऊन आली. बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा. माझ्या जुन्या शाळेचा दाखला हवा होता, तो तिने आधीच स्वतः तीनदा फोन करून टपालाने मागवला होता. वडिलांनी नाव काढलं त्या दिवशीची तारीख त्यावर होती. ती फॉर्म भरत होती तेव्हा मी तिच्या हाताकडे बघत होते, आणि सांगायला लाज वाटते, तेव्हाही मला तिचा हेवा वाटत होता. किती सहज चालतो तो पेन.

आता ती दूर कुठे तरी पुढचं शिकतेय, तिला हव्या त्या शाखेत. मी गणितावर अडलेय. नापास होईन या विचाराने वही मिटावीशी वाटते, मग गुरुजी आठवतात आणि चुकलेलं गणित खोडायचं सोडून मी बघते, नेमकं कुठं चुकलं.

तिचं देणं मी फेडणार आहे. ती एक दिवस म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीसाठी आपलं केंद्र काढेल, ते कुठेही असो. मी तिथं जाईन, दहावी पास होऊन, आणि तिच्या दारातल्या बाकावर बसेन. येणाऱ्याला पाणी देईन, वहीत नोंद करीन, त्याचे दोन्ही तळहात उघडून बघीन, आणि कुणी विचारलं तरी वार सांगणार नाही. तोवर हेवा गेलेला असेल असं वचन मात्र देत नाही. तो असला तरी मी येईन.