पप्पांनी जुळवलेला कॉम्प्युटर

गेल्या आठवड्यात नव्या कॉम्प्युटरच्या भागांची यादी करायला बसले आणि तासाभराने लक्षात आलं की माझं मन यादीत नाहीच. नाहूरच्या या घरात आता एडिटिंगसाठी माझी वेगळी खोली आहे. नवरा कामावर गेलेला, दार बंद, कोणाची कटकट नाही. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, सगळं पडद्यावर ओळीने मांडलेलं, बटण दाबलं की घरपोच. आणि मी आठवत बसले होते आमचा चारकोपचा कॉम्प्युटर, जो जुळवायला आम्हाला दीड महिना लागला होता. आम्हाला म्हणजे मला आणि पप्पांना.

तेव्हा मी कॉलेज संपवून एका स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ एडिट करायला जायचे. दुसऱ्यांच्या हळदीत नाचणाऱ्या आत्या कापून कापून जीव कंटाळला होता. मला घरी स्वतःचा कॉम्प्युटर हवा होता, स्वतःची कामं घ्यायला आणि उरलेल्या वेळात गेम खेळायला. गेमचा विषय आईसमोर काढायची सोय नव्हती, म्हणून तिला फक्त व्हिडिओचं सांगितलं. तिने ओळखलं होतंच, पण आई बऱ्याच गोष्टी ओळखून गप्प बसते.

पप्पा त्या काळात घरी होते. मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये ते सत्तावीस वर्षं फिटर होते. बिघडलेलं मशीन खोलायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा जोडायचं, हे त्यांचं काम. एका शनिवारी मालकाने केबिनमध्ये बोलावलं, पाकीट हातात दिलं आणि सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. का, ते सांगितलं नाही. पप्पांनीही विचारलं नाही, तो त्यांचा स्वभावच नव्हता. त्यानंतर दोन वर्षं ते रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीपाशी बसायचे. हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली ती गेलीच. नळ गळायला लागला की आई प्लंबरला बोलवायची, आणि तो आला की पप्पा उठून आतल्या खोलीत जायचे.

मला त्याचा भयंकर राग यायचा. कोणावर, ते नक्की कळायचं नाही, म्हणून तो आईवर निघायचा. सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडायचा असं मी जाहीर केलं, तेव्हा तयार घेण्यापेक्षा स्वस्त पडतो हे कारण दिलं. ते खोटं नव्हतं. पण मला खरं तर पलंगाखालची ती पेटी बाहेर काढायची होती. पप्पांच्या हातात पुन्हा पाना यावा आणि त्यांनी माझ्यावर जरा खेकसावं, एवढंच मला पाहिजे होतं.

पहिल्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. व्हिडिओ रेंडर करायचा, म्हणजे कापलेले तुकडे जोडून त्यांची एक अखंड फाइल बनवायची, तर प्रोसेसर तगडा हवा. गेमसाठी ग्राफिक्स कार्ड तगडं हवं. दोन्ही तगडी घेतली तर बाकीच्या भागांना काहीच उरत नाही. पप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ह्याची मोटर खंयची?"

"पप्पा, ह्याच्यात मोटर नसते. पॉवर सप्लाय असतो."

"मग तो पहिलो बघूचो. वीज बरोबर नाय गेली तर तुझं तगडं काय कामाचं?"

दोन वर्षांत त्यांनी एका दमात इतकी वाक्यं बोललेली मला आठवत नव्हती. मी लगेच वहीत पॉवर सप्लाय सगळ्यात वर लिहिला.

दुकानात गेलो तर त्यांनी काउंटरवर पॉवर सप्लायची दोन खोकी मागवली. दोन्हींवर वॅटचा आकडा एकच. पप्पांनी दोन्ही हातांत एकेक घेतलं, बाजारात नारळ घेतात तसं, आणि हलकं होतं ते परत ढकललं. "ह्यात तांबं कमी आहे," ते म्हणाले. दुकानदार हसला आणि जड खोकं कागदात गुंडाळायला लागला. मला मात्र काचेची बाजू असलेला, आत रंगीत दिवे फिरणारा कॅबिनेट हवा होता. मी त्याच्यासमोर जरा जास्तच रेंगाळले असेन.

"ह्या दिव्यांनी व्हिडिओ लवकर होतो काय?" पप्पांनी विचारलं.

"नाही हो. दिसायला झकास वाटतं."

"मग दिवाळीत माळ लाव. चार दिवस दिस्तला."

दिवे राहिले. त्या पैशांत रॅम दुप्पट झाली, आणि हे त्यांचंच म्हणणं बरोबर होतं हे मी त्यांना बरेच दिवस कळू दिलं नाही.

ग्राफिक्स कार्ड नवीन परवडणारं नव्हतं. घाटकोपरला एक माणूस वापरलेलं कार्ड विकत होता, ते बघायला आम्ही दोघं गेलो. तिसऱ्या मजल्यावरचं घर, सोफ्यावर अर्धं कपाट रिकामं करून ठेवलेलं. त्या माणसाने कार्ड लावून एक गेम चालवून दाखवला. चित्र सुरेख येत होतं, मी भाळलेच. पप्पांनी चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी कार्ड काढायला सांगितलं, चष्मा कपाळावर चढवला आणि मागचे स्क्रू एकेक करून निरखले. मग पंखा बोटाने हळूच फिरवून कानाशी धरला. मग चक्क कार्डाचा वास घेतला. तो माणूस माझ्याकडे बघायला लागला आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"ह्या उघडला होता," पप्पा म्हणाले. "दोन स्क्रूची डोकी घासलीत. पंख्याचं बेअरिंग बोलतंय."

तो माणूस आधी नाही म्हणाला, मग थोडंसं उघडलं होतं म्हणाला, मग पंखा एकदा अडकला होता म्हणाला. शेवटी किंमत बरीच खाली आली. पप्पांनी पंख्याला घरी तेलाचा एक थेंब दिला आणि तो पुढे चार वर्षं चालला. परतीच्या वाटेवर त्यांनी मला वडापाव खाऊ घातला आणि स्वतः दोन खाल्ले. मला इतका आनंद झाला होता की मी गेमचंही त्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "आईक सांगू नको."

जोडायचा दिवस रविवार ठरला. आईने जेवणाच्या टेबलावर जुनी चादर घातली, कारण टेबलावर चरा पडला तर ती आम्हा दोघांना सोडणार नव्हती. पेटी पलंगाखालून बाहेर आली. पप्पांनी प्रत्येक स्क्रूड्रायव्हर पुसून क्रमाने मांडला. मी मदरबोर्डच्या पुस्तिकेत डोकं घालून, पुढच्या बटणाच्या केसाएवढ्या बारीक वायरी कुठे जातात ते शोधत होते. दुसऱ्या टोकाला पप्पा आईचं नेलपॉलिश मागत होते. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरचे चार स्क्रू घट्ट केल्यावर प्रत्येकाच्या डोक्यावरून बाजूच्या पत्र्यावर त्यांनी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली. वर्कशॉपमध्ये रंगाने करायचे. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबून कळतं. आई म्हणाली, माझ्या बोटांना कधी लावलं नाही एवढं निगुतीने. पप्पा चक्क लाजले.

संध्याकाळी बटण दाबलं आणि कॉम्प्युटर सुरू झाला. पप्पांनी कॅबिनेटवर तळवा ठेवला आणि थरथर किती आहे ते बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी न सांगता नळ दुरुस्त केला.

पहिलं काम आमच्याच सोसायटीचं होतं. सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाच्या पूजेचं आणि रात्रीच्या कार्यक्रमाचं. मी तुकडे जोडले, गाणी बसवली आणि रेंडर लावलं. पाचव्या मिनिटाला कॉम्प्युटर धाडकन बंद पडला. पुन्हा लावलं, पुन्हा पाचव्या मिनिटाला बंद. पप्पा मागे उभे होते. "काय चुकलं गो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, सॉफ्टवेअर नवीन आहे.

दुसऱ्या दिवशी पप्पा मासळी आणायला गेले तेव्हा मी रेंडर लावून प्रोसेसरचं तापमान बघितलं. शंभरावर पोचलं होतं. कूलर काढला आणि उलटा केला तर त्याचा तळ आरशासारखा लख्ख. नवीन कूलरच्या तळाला राखाडी पेस्टचा थर असतो. कूलर आणि प्रोसेसर यांच्यामधली बारीक फट ती भरते आणि उष्णता वर नेते. ती नसली की प्रोसेसर तापतो आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद पडतं. आमच्या कूलरवर तिचा मागमूस नव्हता.

मग उलगडलं. वर्कशॉपमध्ये नवीन भाग आला की तो ग्रीसने माखलेला असतो, गंजू नये म्हणून. फिटरचं पहिलं काम ते ग्रीस पुसून काढायचं. जो पुसत नाही तो अडाणी. त्या रविवारी टेबलाच्या टोकाला पप्पा जुन्या बनियनच्या फडक्यावर सॅनिटायझर घेऊन काहीतरी चोळत होते, ते मी पाहिलं होतं आणि हत्यारं पुसत असतील म्हणून सोडून दिलं होतं.

मला त्यांचा राग आला नाही. भीती वाटली. दोन वर्षांनी हा माणूस खिडकीपासून उठला होता, आणि आता हे कळलं तर परत तिथेच जाऊन बसेल, आणि या वेळी कायमचा. मी धावत जाऊन नाक्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून पेस्टची सिरिंज आणली, घाईघाईने लावली, कूलर बसवला. रेंडर शेवटपर्यंत गेलं. पप्पा पिशवी घेऊन आले तेव्हा पडद्यावर सोसायटीचे सेक्रेटरी गाणं म्हणत होते. "झालं बघा," मी म्हटलं. "सॉफ्टवेअरच होतं."

पप्पा हसले. मग कॅबिनेटच्या उघड्या बाजूने आत वाकले आणि वाकलेलेच राहिले. मी रेघांचं पार विसरले होते. चारही तुटल्या होत्या.

"कूलर कोणी काढला?"

मी पडद्याकडे वळले.

"माझ्याकडून काय चुकलं?"

"काही नाही हो पप्पा. असंच, साफ करायला."

ते खुर्चीवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. ते अगदी हळू बोलले, "मालकान पण असाच केला. येव नको म्हणालो, पण काय चुकलं ता सांगूक नाय. दोन वर्षं मी रोज सकाळी तिकडचं एकेक काम आठवतंय. ह्या चुकलं असात काय, त्या चुकलं असात काय. सांगितलं असतं तर सुधारलं असतं ना गो. आता तू पण तसंच केलंस."

मला वाटत होतं पप्पा खिडकीतून बाहेर बघत बसतात. ते रोज कामावर जात होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. मालकाने निदान दया दाखवल्याचा आव तरी आणला नव्हता.

बाहेर आले आणि त्यांच्यासमोर बसले. उभ्या जन्मात मी त्यांना असं बोलले नव्हते. "पप्पा, तुमची चूक झाली. कूलरच्या खाली पेस्ट होती, ती तुम्ही पुसून टाकली. ती ग्रीस नव्हती. ती तिथे लागते. तिच्यामुळे मशीन बंद पडत होतं."

"का लागते?"

मी सांगितलं. दोन्ही पृष्ठभाग कितीही सपाट दिसले तरी त्यांच्यात फट राहते, तिथे हवा अडकते, वगैरे. ते मान हलवत ऐकत होते आणि त्यांचा चेहरा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता इतका मोकळा होत गेला. मध्येच म्हणाले, "ह्या माका ठावक नव्हतं," आणि ते वाक्य त्यांनी स्वतःशीच पुन्हा एकदा म्हटलं.

मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मी लावलेला कूलर काढला. दोन्हीकडची माझी घाईची पेस्ट पुसून काढली आणि सिरिंज हातात घेतली.

"मी लावतो. तू बघत ऱ्हव आणि चुकलं तर बोल."

त्यांनी प्रोसेसरवर हलक्या हाताने पेस्टचा ठिपका काढला. ठिपका वाटाण्याएवढा झाला, मग त्याहून मोठा.

"जास्त झालं, पप्पा," मी म्हणाले.

ते थांबले, मान हलवली आणि थोडी काढून टाकली.